मोझॅक प्लॉटला मोजपट्टी कुठे लावायची आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहात. तीन पाळ्यांत तपासलेले नग आणि त्यांचा निकाल, म्हणजे फ्रेश, सेकंड, रिजेक्ट, असा तक्ता घेऊन तुम्ही 'आर' या आकडेवारीच्या भाषेत जीजीमोझॅक हे पॅकेज वापरून मोझॅक प्लॉट काढलात, म्हणजे पट्टीची रुंदी त्या पाळीच्या मालाएवढी आणि पट्टीतल्या आयतांची उंची निकालांच्या टक्क्यांएवढी असं चित्र. चित्र छान आलं, अक्षांवर पाळ्यांची आणि निकालांची नावंही आपोआप आली. मालकांना मात्र उभ्या अक्षावर टक्के हवे होते आणि आडव्या अक्षावर नगांची संख्या. तुम्ही नेहमीच्या सवयीने 'स्केल वाय कंटिन्युअस' जोडलं, टक्के आले, पण नावं गेली. पुढे मालक म्हणाले, सगळ्या पाळ्यांत फ्रेश माल सत्तर टक्क्यांच्या वरच आहे, तर अक्ष सत्तरपासून सुरू करा. तसं केल्यावर फ्रेशचे तिन्ही आयतच नाहीसे झाले. मग स्केल नेमकं कुठे आणि कसं सेट करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी गेली सोळा वर्षं सोलापुरात कापडाच्या कारखान्यांची आणि दवाखान्यांची आकडेवारी हाताळते. आठवड्यातून एखादा तरी मोझॅक प्लॉट हातून जातोच. तुमची अडचण एखादं सेटिंग बदलून सुटणारी नाही. या चित्राचे दोन अक्ष दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ते नीट कळलं की कुठलंही सॉफ्टवेअर असो, स्केल कसं बसवायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

नावं का गेली ते आधी. जीजीमोझॅक ज्या जीजीप्लॉट पॅकेजवर उभं आहे, त्यात एका अक्षाला एकच मुख्य स्केल असतं. जीजीमोझॅक तुम्ही न सांगता स्वतःचं 'प्रॉडक्टलिस्ट' नावाचं स्केल लावतं. ते आतून शून्य ते एक असं साधं अखंड स्केलच असतं. फरक इतकाच की त्याच्या खुणा आयतांच्या मध्यावर असतात आणि खुणांपाशी आकड्यांऐवजी पाळ्यांची नावं लिहिलेली असतात. तुम्ही दुसरं स्केल जोडलंत, ते पहिल्याच्या जागी बसलं, आणि नावं ही पहिल्याचीच मालमत्ता असल्यामुळे त्याच्याबरोबर गेली. पॅकेजची यात काही चूक नाही.

आता अक्षांकडे. बोलणं हवेत राहू नये म्हणून आकडे घेऊ, ते निव्वळ उदाहरणाचे आहेत. समजा एका आठवड्यात २००० नग तपासले: पहिल्या पाळीत १०००, दुसऱ्या पाळीत ६००, तिसऱ्या पाळीत ४००. पहिल्या पाळीत ९०० फ्रेश, ७० सेकंड, ३० रिजेक्ट. दुसऱ्यात ५१०, ६६, २४. तिसऱ्यात ३००, ७२, २८.

आडव्या दिशेला पट्ट्यांची रुंदी ०.५, ०.३ आणि ०.२. ही एकच सलग मोजपट्टी आहे: शून्यापासून निघालात की ०.५ ला पहिली पाळी संपते, ०.८ ला दुसरी, १ ला तिसरी. इथे ०.५, ०.८ हे आकडे एकूण मालाचे साठत गेलेले हिस्से आहेत, म्हणून त्या जागी १०००, १६००, २००० असं लिहिलंत तरी खोटं होत नाही. उभ्या दिशेला मात्र प्रत्येक पट्टी आपापल्या शंभर टक्क्यांची मालक आहे. पहिल्या पट्टीतले १० टक्के म्हणजे १०० नग, तिसऱ्या पट्टीतले १० टक्के म्हणजे ४० नग. उंची तेवढीच, नग निम्म्याहूनही कमी. म्हणून उभ्या अक्षावर टक्के चालतात, नगांची संख्या कधीच चालत नाही. आडव्यावर दोन्ही चालतात. मालकांनी उद्या "टक्के खाली आणि नग डावीकडे घ्या" असं सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हणा आणि का ते हेच दोन आकडे दाखवून सांगा.

यानंतर येते ती फट. मोझॅक प्लॉटमधल्या निम्म्या चुका मी या फटीत सापडलेल्या पाहिल्या आहेत. आयत एकमेकांपासून सुटे दिसावेत म्हणून बहुतेक सॉफ्टवेअरं मधे थोडी जागा सोडतात. जीजीमोझॅकमध्ये तिचं नाव 'ऑफसेट', पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये 'गॅप'. ही जागा चित्राच्या बाहेरून येत नाही, आयतांच्याच वाट्यातून कापली जाते. फट ०.०२ धरली आणि पट्ट्या तीन, तर मधे दोन फटी, म्हणजे आयतांना उरले ०.९६. पहिली पट्टी आता ०.४८ पर्यंतच जाते, दुसरी ०.५० ते ०.७८८, तिसरी ०.८०८ पासून पुढे. तुम्ही ०.८ वर '१६००' अशी खूण केलीत तर ती चक्क फटीत पडते, कुठल्याच पाळीची नाही.

उभ्या दिशेला याहून वाईट होतं. पहिल्या पाळीत फ्रेश माल ९० टक्के. पण त्या आयताची वरची कड ०.९ ला नसून ०.८६४ ला येते, कारण तिथेही दोन फटींनी ०.०४ खाल्लेत. अक्षावर तुम्ही ०, २५, ५०, ७५, १०० असे टक्के लिहिलेत, मालकांनी कड डोळ्याने अक्षापर्यंत नेली आणि वाचलं ८६. तिसऱ्या पाळीचे ७५ टक्के त्यांना ७२ दिसणार. शिवाय ०.९ ची खूण पहिल्या पट्टीत सेकंडच्या आयताच्या आत पडणार. ज्याने तक्ता पाहिलेला नाही त्याला हे कळण्याचा काही मार्गच नाही. अक्षावर आकडे नसते तर एवढं बिघडलं नसतं, नुसती नावं असताना फट निरुपद्रवी असते. आकडे लिहिले की फटीचा हिशेब द्यावा लागतो.

माझा नियम सरळ आहे. ज्या दिशेला आकड्यांचं स्केल लावायचं, त्या दिशेची फट शून्य. आयत सुटे दिसायला हवेत तर त्यांना पांढरी किनार द्या. किनारीची जाडी कागदावरच्या मापात असते, ती आयताच्या निर्देशांकांना हात लावत नाही, त्यामुळे कड जिथे असायला हवी तिथेच राहते. फक्त किनार फार जाड करू नका. ८० मिलिमीटर उंचीच्या चित्रात ३ टक्के रिजेक्ट म्हणजे २.४ मिलिमीटरची पट्टी. अर्ध्या मिलिमीटरची किनार तिला पेलते, दीड मिलिमीटरची केलीत तर रिजेक्टचं फारसं काही उरणार नाही.

आडव्या दिशेला कुणी फटीचा हट्टच धरला तर खुणेची जागा सुधारून घ्यावी लागते: हिस्सा गुणिले ०.९६, त्यात डावीकडे जितक्या फटी गेल्या तितके ०.०२ मिळवा. ७५ टक्क्यांची खूण मग ०.७४ वर बसते, ९० टक्क्यांची ०.९०४ वर. करता येतं, पण मी स्वतः टाळते. उद्या चौथी पाळी आली की सगळं पुन्हा.

आता बांधणी. जीजीमोझॅकवर पहिला हात फिरवायला हरकत नाही, पण आकड्यांचे अक्ष हवे असतील तर मी आयत स्वतः मोजून 'जिऑम रेक्ट'ने काढते. दहा-बारा ओळींचं काम आहे. पाळीनिहाय बेरीज काढा, एकूण नगांनी भागा, साठती बेरीज घ्या: ही प्रत्येक पट्टीची उजवी कड. त्यातून तिचा हिस्सा वजा केला की डावी कड. दोन्हींची सरासरी म्हणजे नावाची जागा. आपल्या उदाहरणात ०.२५, ०.६५ आणि ०.९०. मग प्रत्येक पट्टीच्या आत निकालांचे नग त्या पट्टीच्या बेरजेने भागून पुन्हा साठती बेरीज: ती आयताची वरची कड. चारही कडा एका तक्त्यात आल्या की चित्र तुमच्या ताब्यात.

स्केल त्यानंतर बसवायचं. 'स्केल एक्स कंटिन्युअस'मध्ये 'ब्रेक्स'ला मध्यबिंदू द्या आणि 'लेबल्स'ला पाळ्यांची नावं. त्याच स्केलच्या आत 'डुप अ‍ॅक्सिस' वापरून दुसरा अक्ष जोडा. त्याच्या खुणा कडांवर, म्हणजे ०, ०.५, ०.८ आणि १ वर, आणि तिथे लिहायचं ०, १०००, १६००, २०००. नाव पट्टीच्या मध्यावर, आकडा पट्टीच्या कडेवर: एवढं सांभाळलं तर वाचणाऱ्याची गल्लत होत नाही. नावं खाली आणि संख्या वर, असं मी ठेवते. तुमच्या मालकांना संख्या खाली हवी असेल तर उलट करा, गणित तेच. 'एक्सपांड' दोन्ही अक्षांना शून्य करायला विसरू नका. जीजीप्लॉट अखंड स्केलला दोन्ही टोकांना ५ टक्के मोकळी जागा सोडतं, तीमुळे आयत अक्षाच्या रेघेपासून तुटतात आणि शून्य कुठे आहे ते धूसर होतं.

उभ्या अक्षाला टक्के डावीकडे, निकालांची नावं उजवीकडे. उजवीकडे का, ते याच आकड्यांत दिसतं. पहिल्या पट्टीत सेकंडचा मध्य ०.९३५ आणि रिजेक्टचा ०.९८५. अंतर ०.०५, म्हणजे ८० मिलिमीटरच्या चित्रात ४ मिलिमीटर. मात्रा-वेलांट्यांसकट देवनागरी अक्षर तिथे दाटीवाटीने बसतं. तिसऱ्या पट्टीत तेच मध्य ०.८४ आणि ०.९६५ वर आहेत, मधे १० मिलिमीटर. नावं तिथे ऐसपैस मावतात, आणि ज्या पट्टीला लागून लिहिलीत तिच्याशी खरी राहतात. मधल्या पट्टीची सेकंडची रेघ वेगळ्या उंचीवर आहे, पण तिचा रंग तोच असल्याने डोळा चुकत नाही. एखाद्या खान्यात शून्य नग असतील तर त्याची खूण गाळा, नाहीतर दोन नावं एकावर एक येतील.

क्रमाबद्दल इथेच थांबून बोलते, कारण याने मला एकदा फार मनस्ताप दिलाय. सॉफ्टवेअर वर्गांची नावं आपणहून वर्णक्रमाने लावतं. मराठी वर्णक्रमात पहिली, दुसरी, तिसरी यांचा क्रम होतो तिसरी, दुसरी, पहिली. त, द, प. निकालांचा होतो फ्रेश, रिजेक्ट, सेकंड. म्हणजे रिजेक्ट मधे आणि सेकंड सर्वांत वर. नुसतं दिसायला विचित्र असतं तर चाललं असतं. धोका असा की कडा एका क्रमाने मोजल्या आणि नावं दुसऱ्या क्रमाने दिली तर कुठलाही इशारा येत नाही, चित्र गुळगुळीत निघतं आणि सर्वस्वी चुकीचं असतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या अहवालात मी तक्ता संख्येच्या उतरत्या क्रमाने लावला, नावं मात्र हाताने टंकली ती जुन्याच क्रमात. पहिल्या पाळीच्या पट्टीखाली 'तिसरी' आलं, तिसरीच्या पट्टीखाली 'पहिली'. सकाळच्या पाळीच्या जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, बोलावून सेकंड मालाचा जाब विचारायला सुरुवातही झाली होती. त्यांनीच चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, रात्री निम्मे माग बंद असतात, मग निम्मा माल रात्री कसा निघेल?" पट्टीची रुंदी पाहून त्यांनी चूक पकडली. मी त्यांची माफी मागितली आणि अहवाल त्याच दिवशी बदलून दिला. तेव्हापासून मी आधी वर्गांचा क्रम 'फॅक्टर' करून पक्का करते, आणि नावं हाताने कधीच टंकत नाही. ती त्याच तक्त्याच्या त्याच ओळीतून येतात जिथून कडा येतात.

आता सत्तरपासून अक्ष सुरू करण्याची गोष्ट. आयत नाहीसे झाले, कारण जीजीप्लॉटमध्ये स्केलच्या 'लिमिट्स'बाहेर गेलेली किंमत गाळली जाते. फ्रेशचे आयत शून्यापासून सुरू होतात, त्यांची खालची कड मर्यादेबाहेर, म्हणून सबंध आयतच जातो. 'कोऑर्ड कार्टेशियन'मध्ये मर्यादा दिल्यात तर काही गळणार नाही, चित्र फक्त जवळून दिसेल. तांत्रिक उत्तर एवढंच. पण ते करू नका, असा माझा आग्रह आहे. मोझॅकमध्ये क्षेत्रफळ हाच अर्थ असतो. प्रत्येक आयताचं क्षेत्रफळ म्हणजे त्या खान्यातल्या नगांचा एकूण मालातला वाटा. खालचे सत्तर टक्के कापले की तिसऱ्या पाळीचा फ्रेश माल ७५ वरून ५ टक्क्यांएवढा उरतो आणि पहिल्याचा ९० वरून २० एवढा. पाहणाऱ्याला वाटणार, चौपट फरक. लॉग स्केलचंही तसंच: रचलेल्या आयतांना लॉग लावला की तळातला तुकडा फुगतो आणि वरचे आक्रसतात, क्षेत्रफळाला काही अर्थ उरत नाही.

मालकांना खरं तर दोष जवळून बघायचे आहेत. ते दुसऱ्या चित्रात दाखवा. फ्रेश माल बाजूला काढा, उरलेल्या २९० नगांचा नवा मोझॅक काढा: पहिल्या पाळीत १००, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात १००. आता पट्ट्यांची रुंदी साधारण ३४.५, ३१ आणि ३४.५ टक्के. पहिल्या चित्रात जी पाळी मालाच्या २० टक्के होती ती इथे दोषांच्या ३४.५ टक्के झाली. दोन्ही चित्रं शेजारी लावली की हे कुणाला सांगावं लागत नाही. फक्त दुसऱ्या चित्राच्या आडव्या अक्षावर 'दोष असलेले नग' असं ठळक लिहा. अक्षाचं एकक बदललंय आणि ते लपून राहता कामा नये.

पहिल्या चित्रात आणखी एक रेघ घाला. सगळ्या पाळ्या मिळून फ्रेश माल १७१०, म्हणजे ८५.५ टक्के. त्या उंचीवर तुटक आडवी रेघ ओढा. पाळीचा मालावर काही परिणाम नसता तर तिन्ही पट्ट्यांतल्या फ्रेशच्या कडा याच रेघेवर आल्या असत्या. पहिली वर आहे, दुसरी अगदी जवळ, तिसरी बरीच खाली. एरवी मोझॅकमध्ये जाळीच्या रेघा आयतांखाली झाकल्या जातात, म्हणून ही एक रेघ मी आयतांच्या वर काढते. ती फक्त तळाच्या वर्गासाठी नीट वाचता येते. मधल्या सेकंडची खालची कडच हलत असते, त्याला असा एक आधार मिळत नाही. म्हणूनच तळाला कोणता वर्ग ठेवायचा ते विचार करून ठरवा.

रंग हेही एक स्केलच आहे. मायकेल फ्रेंडली यांनी १९९४ मध्ये मोझॅकच्या आयतांना अपेक्षेपासूनच्या फरकाप्रमाणे रंग देण्याची पद्धत मांडली, आणि २ व ४ या सीमा तिथूनच रूढ झाल्या. सगळ्या पाळ्या मिळून सेकंड माल १०.४ टक्के, तेव्हा तिसऱ्या पाळीत तो अपेक्षित होता ४०० च्या १०.४ टक्के, म्हणजे ४१.६, निघाला ७२. फरक ३०.४, त्याला ४१.६ च्या वर्गमुळाने भागलं की जवळपास ४.७. हा आयत गडद. फ्रेशचा फरक उणे २.३ च्या आसपास, फिका. असे रंग वापरलेत तर स्केल शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखं ठेवा, उणे पाच ते अधिक पाच असं. एक बाजू आखूड ठेवलीत तर मधला पांढरा रंग शून्यावर राहीलच असं नाही. निकालाला एक रंग आणि फरकाला दुसरा, असे दोन रंग मात्र एका चित्रात कोंबू नका. मी कारखान्याला निकालाचे रंग देते, फरकाचे रंग आमच्या आपसातल्या कागदावर.

थोडं इतिहासाचं, कारण कापडाच्या गावात ते सांगायला मला आवडतं. अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेवर फ्रान्सिस वॉकर यांनी १८७४ मध्ये जो सांख्यिकी अ‍ॅटलास काढला, त्यात अशा वाटण्या केलेल्या चौकोनांची चित्रं आहेत. आजच्या रूपातला मोझॅक १९८१ मध्ये हार्टिगन आणि क्लायनर यांनी मांडला. आणि व्यापारी कंपन्यांत याच्याच जवळच्या तक्त्याला 'मारिमेक्को' म्हणतात. ते फिनलंडच्या एका कापड कंपनीचं नाव, तिच्या ठसठशीत नक्षीसारखं चित्र दिसतं म्हणून.

तुम्ही पुढे मागाचा प्रकारही घालणार आहात असं लिहिलंय. पाळी, माग आणि निकाल असे तीन चल झाले की साधा मोझॅक आडवा, उभा, पुन्हा आडवा असा चिरत जातो. तिसऱ्या चिरेची नावं मग फक्त कडेच्या ओळीला खरी असतात आणि उभ्या अक्षावरचे टक्के तर कुणाचेच राहत नाहीत. अशा वेळी 'डबलडेकर' घ्या. त्यात पाळी आणि मागाचा प्रकार दोन्ही आडव्या दिशेनेच चिरले जातात, निकाल तेवढा उभा. उभ्या अक्षाचे शून्य ते शंभर टक्के जसेच्या तसे खरे राहतात. जीजीमोझॅकमध्ये आणि व्हीसीडी पॅकेजमध्ये दोन्हीकडे याची सोय आहे. व्हीसीडी वापरणार असाल तर ध्यानात असू द्या की त्याचा मोझॅक पहिल्या चलाने उभी दिशा वाटतो, आणि 'आर'चा मूळचा 'मोझॅकप्लॉट' आडवी. एकाच तक्त्याची दोन चित्रं वेगळी दिसली म्हणून घाबरू नका.

त्या मूळच्या 'मोझॅकप्लॉट'वर मागाहून 'अ‍ॅक्सिस' ओढायचा प्रयत्न बरेच जण करतात आणि खुणा भलतीकडे पडतात. ते फंक्शन काढताना १ ते १००० असे निर्देशांक वापरतं आणि काम संपलं की जुने परत ठेवतं, त्यामुळे तुमचा अक्ष वेगळ्याच मापात पडतो. दोनच चल असतील तर त्याऐवजी 'स्पाइनप्लॉट' घ्या. तो आपोआप नावं डावीकडे आणि शून्य ते एकचं स्केल उजवीकडे देतो. उभ्या दिशेला त्यात फट नसते, पट्ट्यांमध्ये मात्र २ टक्क्यांची असते.

पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्सचा 'मोझॅक' चित्राबरोबर प्रत्येक आयताची सुरुवात, रुंदी आणि उंची परत देतो. गॅप शून्य करा, त्या आकड्यांवरून मध्य काढा आणि खुणा स्वतः बसवा. एक्सेलमध्ये हा तक्ता तयार मिळत नाही. तिथे रचलेला एरिया तक्ता घेऊन आडवा अक्ष तारखेचा करतात आणि शून्य ते शंभर दिवस म्हणजे शून्य ते शंभर टक्के धरतात, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना तेच आकडे पुन्हा देऊन. काम होतं, पण दर आठवड्याला करायचं असेल तर 'आर'च बरं.

पट्ट्या जास्त आणि अरुंद झाल्या की नावांची गर्दी होते. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांचा मोझॅक काढताना उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा ही नावं एकमेकांवर चढली होती. नावं तिरकी करण्यापेक्षा मी चित्र आडवं केलं, तालुके डावीकडे एकाखाली एक आणि टक्के खाली. तिरकं देवनागरी वाचायला फार त्रास होतो, विशेषतः प्रोजेक्टरवर. दोन-तीन नावंच चढत असतील तर 'गाइड अ‍ॅक्सिस'मधल्या 'डॉज'ने ती दोन ओळींत लावता येतात.

अक्षरांचंही बघा. 'आर'च्या साध्या पीडीएफमध्ये मराठी नावांची जागा टिंबं घेतात किंवा वेलांट्या सुटतात. 'कैरो पीडीएफ'ने साठवा, किंवा पीएनजी हवं असेल तर 'रॅग' पॅकेजने. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या चित्रांच्या पॅकेजच्या बहुतेकांकडे असलेल्या आवृत्त्या 'पहिली'तली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतात आणि 'फ्रेश'सारखं जोडाक्षर तोडतात. तिथे एसव्हीजी काढा आणि त्यात अक्षरं अक्षरं म्हणूनच ठेवायला सांगा, मग ब्राउझर ती नीट जोडतो.

सगळं झालं की एक छापील प्रत काढा, आयतांचा भाग १६० मिलिमीटर रुंद आणि ८० उंच येईल अशी, आणि शाळेतली साधी पट्टी घेऊन बसा. दुसरी पाळी डाव्या कडेपासून ८० मिलिमीटरवर सुरू झाली पाहिजे, तिसरी १२८ वर. तिसऱ्या पट्टीत फ्रेशची कड तळापासून बरोबर ६० मिलिमीटरवर हवी. आयत अक्षाच्या रेघेला टेकलेले असूनही ती ५७-५८ वर आली तर फट कुठेतरी राहिली आहे. आयत रेघेपासून वर उचललेले दिसत असतील तर 'एक्सपांड' शून्य करायचं राहिलंय.